लाडवाच्या डब्यातला कागद

दर रविवारी साडेदहाच्या सुमाराला मी सांगलीच्या एसटी स्टँडवर जाऊन उभी राहायचे. साताऱ्याहून सातला सुटलेली गाडी कराड, इस्लामपूर करत यायची, आणि ड्रायव्हरच्या मागच्या जाळीला अडकवलेली खाकी कापडाची पिशवी माझी असायची. पिशवीत डबा, डब्यावर चिठ्ठी. आमच्याकडे तेव्हा ही पद्धतच होती. कॉलेजात शिकणाऱ्या पोरांचे, दवाखान्यात पडलेल्यांचे, परगावी नोकरी करणाऱ्यांचे डबे घरून एसटीनंच यायचे. स्टँडवर जायचं, डबा कंडक्टरच्या हातात द्यायचा, कुणासाठी ते सांगायचं आणि निर्धास्त घरी परतायचं. मात्र ते डबे जवळपासच्या गावांतले असायचे. तीन-साडेतीन तासांवरून, दुसऱ्या जिल्ह्यातून डबा येणारी त्या स्टँडवर मीच एकटी असावे. त्यामुळे त्या गाडीचे कंडक्टर मला ओळखायचे.

"बाई, तुमचं वडील लय जपून देत्यात डबा," त्यांच्यातला एक जाडजूड कंडक्टर दर वेळी सांगायचा. "आडवा करू नगा, उन्हात ठेवू नगा, त्याच्यावर काय ठेवू नगा. आवं, मी म्हनलं, डबा हाय का तान्हं प्वार हाय?"

मी हसायचे. सबंध आठवड्यात मनापासून हसण्याची माझी तेवढीच वेळ असायची.

ही नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. अन्नतंत्र शिकून मी नुकतीच सांगलीजवळच्या एका द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये लागले होते, आणि आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. वडील, म्हणजे अण्णा, साताऱ्यात एकटे होते आणि मी सांगलीत भाड्याच्या खोलीत एकटी होते. घरमालकीण वाईट नव्हती. पण माझ्याशी बोलायला तिच्याकडे एकच विषय होता, माझं लग्न, आणि मला तो एक सोडून दुसरा कुठलाही चालला असता.

पॅकहाउसमध्ये पन्नास-साठ बायका लांब टेबलांना उभ्या राहून घडांतले खराब मणी कात्रीनं काढायच्या, घड पिशव्यांत घालायच्या, पिशव्या खोक्यांत रचायच्या. खोकी शीतगृहात जायची, तिथून थंड कंटेनरमधून मुंबईला, आणि पुढे बोटीनं परदेशी. मी थर्मामीटर आणि वही घेऊन टेबलांमधून फिरायचे. बायका मला बाई म्हणायच्या आणि मी जवळ गेले की गप्प व्हायच्या. ऑफिसातले पुरुष मला मॅडम म्हणायचे आणि मी जवळ गेले की तेही गप्प व्हायचे. दुपारी बायका बाहेर कडुलिंबाखाली गोल करून जेवायच्या, पुरुष मॅनेजरच्या खोलीत, आणि मी माझ्या टेबलावर, भिंतीकडे तोंड करून. मला कुणी "या, बसा" म्हटलं नाही आणि "बसू का" असं मीही कधी विचारलं नाही. स्वभाव माझा तसा ताठच.

त्या जागेत मला एकाच गोष्टीचं अप्रूप होतं. गार्डचा कागद. खोक्याच्या मापाचा, वरून प्लास्टिकचा पातळ थर दिलेला पांढरा कागद, त्यावर ओळीनं चौकोनी पुड्या, आणि प्रत्येक पुडीत चिमूटभर पांढरी पूड. झाकण लावायच्या आधी तो घडांवर पसरायचा. तोडलेली द्राक्षंही श्वास घेत असतात, त्यांच्या श्वासानं खोक्यात ओल धरते. ती ओल पुडीला लागली की तिच्यातून गंधकाचा वायू हळूहळू सुटतो आणि बुरशीला डोकं वर काढू देत नाही. खोकं कोरडं असेल तर कागद झोपलेला, ओल वाढली की जागा. तीन-चार आठवडे समुद्रावर काढून आमचे घड तिकडे हिरव्या देठांनिशी उतरायचे ते या कागदाच्या जिवावर. मला तो आमच्या मॅनेजरपेक्षा हुशार वाटायचा.

टेबलाच्या टोकाला उभी राहून कागद पसरणारी एक वयस्क मावशी होती. तिला मात्र त्याचं काही कौतुक नव्हतं. "त्यो कागद लय तिखट हाय, बाई," ती एकदा म्हणाली. "नाकात बसतोय. घरी गेलं तरी भाकरीला त्योच वास." मी तिला तोंडाला रुमाल बांधायला सांगितलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढे गेले. तिच्यापाशी थोडं थांबायला हवं होतं.

त्याच हंगामात तिकडच्या खरेदीदाराचं पत्र आलं. खोक्यातलं प्लास्टिक आणि थर्माकोल कमी करा, मातीत कुजेल असं काहीतरी वापरा. मॅनेजरनं ते पत्र माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, हे तुमचं खातं." मला आनंद झाला, कारण तोवर माझं काही खातंच नव्हतं. मी प्लास्टिकच्या अस्तराऐवजी जाड कागद घालून पाहिला. उसाच्या चिपाडाच्या लगद्याचे ट्रे मागवले, ते ओलीनं बसले. शेवटी चार खोक्यांत पळसाची पानं अंथरली. तीन आठवड्यांनी ती खोकी शीतगृहातून काढली तेव्हा पानं काळपट झाली होती, पण खालचे घड मी भीत होते त्यापेक्षा पुष्कळ बरे होते. मॅनेजरनं वाकून वास घेतला. "मॅडम, साहेबाला द्राक्षं पाठवायचीत, नैवेद्य नाही," तो म्हणाला, आणि सगळे हसले. मीही हसले आणि वही मिटली.

पळसाची पानं ही मुळात अण्णांची अक्कल. साताऱ्याच्या पोस्टात पार्सलाच्या खिडकीवर त्यांची हयात गेली. सातारा म्हणजे घरटी एक माणूस फौजेत. त्या फौजींच्या आया आणि बायका लाडू, शेवया, चटण्या घेऊन खिडकीशी यायच्या, आणि पार्सल हातात घेतल्याबरोबर अण्णांना आतलं कळायचं. "गरम भरलंत ना? उघडा. निवू द्या. प्लास्टिकात बांधू नका, घाम येतो. पानात बांधा, वर फडकं, मग डबा. खाण्याच्या वस्तूला श्वास घेता आला पाहिजे." मागे रांग खोळंबायची, पण अण्णा त्या बाईला बाजूला बसवून दाभणानं पार्सल स्वतः शिवून द्यायचे. मोठे साहेब ओरडायचे. अण्णा म्हणायचे, साहेब, पोरगं लांब आहे.

आणि या माणसाला स्वतःला चहापलीकडे काही करता येत नव्हतं. आई गेल्यावर, वयाच्या साठीनंतर, ते स्वयंपाक शिकले. शेजारच्या काकूंना विचारून, हात भाजून घेऊन, एकेक पदार्थ. मला डबा पाठवायचा हे त्यांनी आपणहून ठरवलं. मी नको म्हटलं होतं. पण त्यांच्या आठवड्याला त्यामुळे काहीतरी आकार यायचा हे मला दिसत होतं. शनिवारी बाजार, रविवारी पहाटे स्वयंपाक, सातची गाडी. तो डबा ते पार्सलासारखाच बांधायचे. भाकरी फडक्यात, कोरडी भाजी पळसाच्या पानात, सुतळीला पोस्टातली गाठ. रिकामा डबा मी परतीच्या गाडीनं धाडायचे आणि त्यात माझी चिठ्ठी असायची. घरी फोन नव्हता. आमचं सगळं बोलणं त्या डब्यातूनच व्हायचं.

होळीच्या दुसऱ्या दिवशी पॅकहाउस बंद होतं म्हणून मी एक दिवस साताऱ्याला गेले. जाताना गार्डचं एक बंडल नेलं होतं. वेष्टन फाटल्यामुळे ते बाद केलेलं होतं. आपली पोरगी काय करते ते अण्णांना एकदा दाखवावं एवढाच हेतू. मी कागद पसरून सगळं समजावून सांगितलं. त्यांनी चष्मा लावला, कागद उजेडात धरला, पुड्यांच्या शिवणीवरून अंगठा फिरवला.

"म्हणजे ओल लागली की आपोआप?"

"आपोआप."

"आणि द्राक्षं दोन-दोन महिने टिकतात?"

"टिकतात की."

"मग लाडवाला चालेल का गं?"

मला हसू आलं. आयुष्यभर पार्सलांचा विचार केलेला माणूस, त्याला दुसरं काय सुचणार? "लाडवालाच काय अण्णा, तुम्हालाही चालेल," मी म्हणाले. "डब्यात बसा, महिनाभर ताजे राहाल."

तेही हसले. मी थट्टा केली होती. त्यांनी फक्त "चालेल" एवढंच ठेवून घेतलं. बंडल मी तिथंच विसरले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आले.

पुढच्याच रविवारी डब्यात रव्याचे लाडू आले. ओला नारळ घातलेले, पाकातले, आई करायची तसे. ते चार दिवसांवर टिकत नाहीत म्हणून आई कधी पाठवायची नाही. घरी येऊन खाऊन जा म्हणायची. चिठ्ठीत अण्णांनी लिहिलं होतं, "पाक दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जमला. शुक्रवारीच केले आहेत. तुझा कागद वर घातला आहे, त्यामुळे तुला आठवडाभर पुरवून खाता येतील."

मी झाकण उघडलं आणि काडी ओढल्यावर येतो तसा वास नाकात गेला. घशाला चिमटा बसला. कागद लाडवांवर नीट मापात कापून ठेवलेला होता. नारळाच्या ओलीनं त्याला चांगलंच जागं केलं होतं. मागे रिकाम्या डब्यातून मी पाठवलेले सोनेरी बेदाणे पांढरेफटक पडले होते. मी एक लाडू फोडून जिभेवर ठेवला आणि थुंकून टाकला.

खरं तर तेव्हाच लिहायला हवं होतं. अण्णा, कागद काढा, हा द्राक्षांसाठी आहे, मी थट्टा केली होती. एवढ्या दोन ओळी. पण मला दोनदा चुकलेला पाक दिसला. चूल, ती वाकलेली पाठ, तिसऱ्यांदा जमला म्हणून झालेला आनंद दिसला. शिवाय चूक माझी होती, आणि ती कागदावर लिहून कबूल करणं जिवावर आलं. पुढच्या खेपेला गेले की समोर बसून सांगू, असं मी ठरवलं आणि चिठ्ठीत लिहिलं, "लाडू झकास. अगदी आईसारखे झालेत."

लाडू मी खालच्या कुत्र्यापुढे टाकले. त्यानं हुंगलं आणि चालता झाला. मग पिशवीत भरून घाटावर नेले आणि कृष्णेत सोडले. त्या दिवशी घाटावर गर्दी होती, लोक जोडीनं, पोरंबाळं घेऊन आले होते. मी एकटीच बापाचे लाडू नदीत टाकत उभी होते. स्वतःची लाज वाटली, पण ती सोमवारपर्यंतच टिकली.

कारण सोपं आहे. एकदा छान लिहिलं की पुढच्या वेळी वाईट लिहिता येत नाही. लाडू आले, मग नारळाच्या वड्या आल्या, मग पुन्हा लाडू. प्रत्येकावर मापात कापलेला कागद. मी प्रत्येक वेळी लिहायचे, छान झालंय. भाजी-भाकरीला कागद नसायचा, ती मी खायचे. बाकीचं नदीला.

एप्रिलच्या शेवटी हंगाम संपला. पॅकहाउस बंद झालं, बायका आपापल्या गावी गेल्या. मला अहवाल लिहायचा होता, पण तो साताऱ्यात बसूनही लिहिता आला असता. मी गेले नाही. आईची भांडी तिथं जिथल्या तिथं होती आणि ती बघायला मला नको वाटायचं. हे मी आज सरळ सांगते. तेव्हा चिठ्ठीत "काम फार आहे" एवढंच लिहीत होते. समोर बसून सांगायचं ते राहूनच गेलं.

जूनमध्ये अण्णांची चिठ्ठी आली, "पाऊस सुरू झाला. खोकला जरा वाढला आहे, काळजीचं कारण नाही. तुझे कागद पुष्कळ उरले आहेत, ते मी आता सगळ्याच डब्यांत घातले आहेत. पीठ, मेतकूट, शेंगदाणे. पोरकिडे नाहीत, बुरशी नाही. फार उपयोगी वस्तू आहे." अण्णांना दमा होता. जुना, दर पावसाळ्यात उचल खाणारा. गंधकाचा वायू दमेकऱ्याला किती वाईट, हे मला पुस्तकात शिकवलेलं होतं आणि मी त्यावर परीक्षेत उत्तरही लिहिलेलं होतं. ती चिठ्ठी मी दोनदा वाचली. या वेळी मी लिहिलं, पण कसं? "कागद संपले की पुन्हा मागू नका, आता त्यांची गरज नाही." संपले की! अजूनही मी त्यांना दुखवायला तयार नव्हते. खरं म्हणजे मला उघडं पडायचं नव्हतं.

जुलैतल्या एका रविवारी पाऊस कोसळत होता. गाडी तासभर उशिरा आली. मी जाळीकडे पाहिलं, तिथं पिशवी नव्हती. जाडजूड कंडक्टर खाली उतरला तो माझी नजर चुकवतच.

"आज म्हातारबा आलं न्हाईत, बाई. धा मिन्टं गाडी थांबवली म्या. मागच्या रव्वारी आलतं तवा बी लय दम लागलावता. डबा दिला आन् खांबाला धरून हुबं ऱ्हायलं. मी म्हनलं, बसा, पानी घ्या. तर म्हनलं, न्हाई, पोरीला सांगू नगा."

मी त्याच गाडीत बसले. गाडी परत निघायला अवकाश होता तरी बसूनच राहिले. कंडक्टरनं मला पुढची, पिशवी लटकायची तिथली सीट दिली. इस्लामपूर आलं, कराड आलं. मला एवढंच कळत होतं की पोचेन तेव्हा घरात श्वास चालू असला पाहिजे.

दार लोटलेलं होतं. आत पाऊल टाकलं आणि मी जागच्या जागी थांबले. घरभर काडेपेटीचा वास होता. पावसामुळे सगळ्या खिडक्या बंद होत्या. फळीवर डबे ओळीनं मांडलेले, प्रत्येकात एक कागद, आणि हवेत ओल एवढी की भिंतीला हात लावला तर पाणी लागावं. सगळेच्या सगळे कागद जागे होते. अण्णा खाटेवर पुढे वाकून, गुडघ्यांवर हात रोवून बसले होते. मला पाहिलं आणि बोलायला लागले, तर एकेका शब्दामागे शिट्टी वाजत होती.

"तू... कशी काय? डबा... आज जमला नाही."

मी खिडक्या उघडल्या. डबे उचलून एकामागून एक अंगणात, पावसात नेऊन ठेवले. शेजारच्या काकूंच्या घरून कुणीतरी डॉक्टरांना आणायला धावलं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि मग नाक वर करून विचारलं, "हा वास कसला?" मी खाली मान घालून सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले. अन्नतंत्र शिकलेली मुलगी म्हणून गल्लीत माझं नाव होतं. "दोन दिवस अजून गेले असते तर अवघड होतं," ते म्हणाले, आणि छत्री उघडून गेले.

तासाभरानं श्वास उतरला. मी चहा केला. अण्णांनी भिंतीला टेकून कप हातात धरला. मी खाली बसले.

"अण्णा, तुम्हाला वास आला नाही?"

"आला की. पहिल्यापासून येत होता."

"मग कागद काढून का नाही टाकलात? लोकांची पार्सलं उघडायला लावायचात, आणि स्वतःच्या डब्याचं कळलं नाही?"

त्यांनी कप खाली ठेवला. "पहिला घाणा केला तेव्हा तुझ्यासाठी बांधून दिला, आणि उरलेले, तसाच कागद घातलेले, मी खायला घेतले. तोंडात धरवेना. म्हटलं, वाया गेले, पोरीला काय वाटेल. सोमवारी तुझी चिठ्ठी आली. आईसारखे झालेत." त्यांनी कप बाजूला सरकवला. "तू शिकलेली. आणि तू खोटं कशाला लिहिशील? मग लाडू चांगलेच असणार. म्हटलं, आपलीच जीभ गेली, आपलंच नाक बिघडलं. रोज एक लाडू खायचो. वाटायचं, खात राहिलं की चव परत येईल."

"कुणाला विचारायचं तरी!"

"कुणाला विचारू? मला वाटलं, माणूस एकटा जेवायला लागला की असंच होत असेल."

मी रडले. मोठ्यानं, लहानपणी रडत असे तशी. आई गेली तेव्हाही मी तशी रडले नव्हते. मग सगळं सांगितलं, कुत्र्यानं हुंगलेला लाडू, कृष्णेचा घाट, सगळं. ते ऐकत होते.

"सगळेच टाकलेस?"

"सगळेच."

"आणि आईसारखे म्हणून लिहिलंस, ते?"

"ते पण खोटं, अण्णा. एक जिभेवर ठेवला आणि थुंकून टाकला."

मला वाटलं, आता बोलतील, चिडतील. मी तयार होते. ते म्हणाले, "जरा मीठ आण." मी हातावर चिमूटभर मीठ आणून दिलं. त्यांनी जिभेवर ठेवलं, डोळे मिटले. मग गूळ मागितला. मग लोणच्याची फोड. फोड तोंडात घोळवत बराच वेळ बसले आणि म्हणाले, "मेथ्या जास्त भाजल्यात काकूंनी." त्यांच्या तोंडावर जे हसू आलं ते बघून मला त्यांनी चिडायला हवं होतं असं वाटलं. चार महिने या माणसानं आपली जीभ गेली म्हणून कुणाला न सांगता एकट्यानं दुःख केलं होतं, आणि ती शाबूत आहे म्हणून तो माझ्यावर खूश झाला होता.

मी आठवडाभर राहिले. आईची भांडी घासली, वापरली. उरलेल्या गार्डचं काय करायचं हा प्रश्नच होता. जाळावं तर वायू, उकिरड्यावर टाकावं तर गुरांच्या तोंडाला लागणार, पुरावं तर वरचं प्लास्टिक कुजणार नाही. त्या हुशार कागदाला मरायची अक्कल नव्हती. शेवटी गुंडाळून पुन्हा पॅकहाउसवर नेलं. अण्णांच्या डब्यातली पळसाची पानं मात्र शेजारची शेळी उभ्या उभ्या खाऊन टाकायची. परत गेल्यावर मी मिटलेली वही उघडली, चार खोक्यांचा निकाल जसा होता तसा अहवालात लिहिला आणि मॅनेजरपुढे ठेवला. तो पुन्हा हसला. मी या वेळी हसले नाही. पुढच्या हंगामात दुपारी डबा घेऊन मी कडुलिंबाखाली गेले आणि कागदवाल्या मावशीला विचारलं, "बसू का?" ती नुसती सरकली.

पण ते नंतरचं. त्याआधी, ऑगस्टमधल्या एका रविवारी, जाळीला पुन्हा खाकी पिशवी दिसली. सुतळीला पोस्टातली गाठ, आत पानात बांधलेली मेथीची भाजी, फडक्यात भाकरी, आणि दुसऱ्या पानात चार लाडू. चिठ्ठीवर एकच ओळ होती, "खा आणि खरं लिही."

खोलीवर जायचा धीर निघाला नाही. मी स्टँडच्या बाकावरच पान सोडलं. भाजीत मीठ जास्त होतं. भाकरी कडेला जाड. लाडवाचा पाक कच्चा राहिलेला, हातात घेतला की फुटत होता, आणि आईच्या लाडवाची त्याला सर नव्हती. मी चारही खाल्ले. मग चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहिलं, "भाजी खारट. पाक कच्चा. आईसारखे नाहीत. सगळे संपले." डबा पुसून पिशवीत घातला आणि कंडक्टरच्या हातात दिला.

"पुढच्या रविवारी पिशवी आणू नका," मी त्याला सांगितलं. "मी शनिवारीच तुमच्या गाडीनं जाणार आहे, जेवायला."

"ब्येस झालं," तो पिशवी जाळीला अडकवत म्हणाला. "पर गाडीत आडव्या व्हऊ नगा, बाई. न्हाईतर म्हातारबा मलाच बोलत्याल."